काळं पाणी, निळं पाणी

इंदूरला समुद्र नाही. आम्हा इंदूरकरांची पाण्याशी ओळख म्हणजे जलूदहून पाइपातून चढून येणारी, एक दिवसाआड नळाला दर्शन देणारी नर्मदामाई. माझी तिच्याशी याहून थोडी जवळची ओळख एकदाच झाली, नऊ वर्षांचा असताना, ओंकारेश्वरच्या घाटावर. शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला, नाकातोंडात पाणी गेलं आणि काकांनी कॉलर धरून बाहेर ओढलं. सगळा प्रकार दहा सेकंदांचा असेल. पण त्या दहा सेकंदांनी पुढची पंचवीस वर्षं मला गुडघ्यापलीकडच्या पाण्यात जाऊ दिलं नाही. गणपतीपुळे, दिवेआगर, गोवा, कुठलेही फोटो काढून बघा: पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चेहऱ्यावर हसू, आणि एक पाय परतीच्या दिशेला वळलेला.

बायको बडोद्याची. शाळेत असल्यापासून पोहणारी, माहेरच्या शोकेसमध्ये तिची पदकं आहेत. लग्नाला दहा वर्षं होत आली तेव्हा तिने सांगितलं, "या वेळी साडी नको, दागिना नको. अंदमानला जाऊ या आणि स्कूबा करू या." पहिल्यांदा करणाऱ्याला पोहता येण्याची सक्ती नसते, सोबत प्रशिक्षक असतो, हे मी आधीच वाचून ठेवलेलं होतं, त्यामुळे नकाराला सबब उरली नव्हती. हो म्हणालो. सात वर्षांच्या लेकीला आजी-आजोबांकडे ठेवायचं ठरलं. आई म्हणाली, "अरे, लोक काळ्या पाण्यावरून सुटून यायची वाट बघायचे, आणि तुम्ही पैसे भरून तिकडे चाललात!"

फेब्रुवारीत निघालो. इंदूर ते चेन्नई, आणि तिथून दोन तासांवर पोर्ट ब्लेअर. सरकारने 2024 मध्ये शहराचं नाव श्री विजयपुरम केलंय, पण रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून जुनंच आहे. विमानतळाला सावरकरांचं नाव आहे. बाहेर पडताना हे नाव वाचून मराठी माणूस एक क्षण थांबतोच.

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल पाहिलं. 1896 ते 1906 अशी दहा वर्षं त्याचं बांधकाम चाललं होतं. मधल्या मनोऱ्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात शाखा निघत होत्या, आता तीन उरल्यात. एका शाखेची दर्शनी बाजू दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचा चेहरा दिसू नये. 1911 मध्ये सावरकर इथे आले तेव्हा त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते, पण भावाभावांची भेट होण्याची सोय नव्हती. वरच्या मजल्यावरच्या त्या टोकाच्या कोठडीत आम्ही उभे राहिलो. मागच्या भिंतीत उंचावर एक गजांचा झरोका. आजोबांच्या कपाटातलं 'माझी जन्मठेप' मी कॉलेजात असताना वाचलं होतं, पण कोलू नावाची वस्तू डोळ्यांनी बघणं वेगळं. बैलाच्या जागी माणूस जुंपून नारळाचं तेल काढायचं यंत्र.

कोठडीतून बाहेर आल्यावर समोर समुद्र होता, आणि तो अजिबात काळा नव्हता. आजोबा लहानपणी मार्सेलिसच्या उडीची गोष्ट सांगायचे. 8 जुलै 1910, बोटीच्या खिडकीतून अंग काढून समुद्रात झेप. ती गोष्ट मला तोंडपाठ होती, आणि घाटावरच्या प्रसंगानंतर मी डोक्यावरून तांब्या ओतून घ्यायलाही घाबरायचो. जेलच्या गच्चीवर हे आठवलं आणि मी एकटाच हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला. वेगवान बोटीने दीडेक तास लागतो. बेटावरच्या गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं, त्यांनी आपले देव नावांतून सोबत आणले. घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे पहाटे पाचच्या सुमाराला झुंजूमुंजू होतं आणि संध्याकाळी साडेपाचला दिवस मावळतो. भल्या सकाळी ऊन पाहून आम्हाला उशीर झाल्यासारखं वाटायचं.

डायव्हिंगच्या दुकानात आधी एक वैद्यकीय फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, असं काही असेल तर डॉक्टरच्या परवानगीशिवाय पाण्यात उतरवत नाहीत. मग अर्धा तास शिकवणी. आमचा प्रशिक्षक बेटावरच जन्मलेला, पंचविशीतला बंगाली मुलगा होता. सगळे त्याला दादा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो.

त्याने सांगितलेली पहिली गोष्ट: पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी हवा असते. आपण आत्ता घेतोय तीच, फक्त दाबून भरलेली. दुसरी गोष्ट: दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. जमिनीवर एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन. तो पहिल्यांदा कानाला कळतो, म्हणून थोडं थोडं खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलायची, दुखायची वाट बघायची नाही. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना दाब कमी होतो आणि फुप्फुसातली हवा फुगते, ती कोंडली तर इजा होते. चौथी: खाली बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा. तर्जनी आणि अंगठ्याचा गोल म्हणजे 'ठीक'. तळहात आडवा धरून हलवला तर 'काहीतरी गडबड'. आणि वर केलेला अंगठा म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. हे नीट लक्षात ठेवा, असं तो दोनदा म्हणाला.

मग वेटसूट, कमरेला शिशाची वजनं, पाठीवर जॅकेट आणि सिलिंडर. जमिनीवर हा सगळा संसार घेऊन चालताना लग्नाच्या वरातीतल्या बँडवाल्याबद्दल आदर वाटू लागतो. किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरायचं. त्या जागेला निमो रीफ म्हणतात, नवशिक्यांना तिथेच नेतात.

छातीभर पाण्यात सराव. तोंडाने श्वास घेणं जमलं. मग मास्कमध्ये मुद्दाम थोडं पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकर मारून ते बाहेर काढायचं. बायकोने पहिल्या फटक्यात केलं. माझी पाळी आली. मास्कमध्ये पाणी शिरलं, नाकाला लागलं, आणि मी फुंकायच्या ऐवजी नाकाने श्वास आत ओढला. पुढचं मला सलग आठवत नाही. मी उभा राहिलो, तोंडातली नळी फेकली, मास्क ओरबाडला, खोकत राहिलो. पाणी छातीपर्यंतच होतं, पण माझ्यासाठी तो ओंकारेश्वरचा घाट होता. दादाने पाठीवर हात ठेवला, पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मीच मान हलवली.

बायकोने विचारलं, "मी पण नाही जात. बरोबरच बाहेर जाऊ?"

मी म्हणालो, "तू जा."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग मास्क लावला आणि दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर खाली गेली. थोडा वेळ पाण्यावर बुडबुड्यांची एक रांग खोल पाण्याकडे सरकताना दिसली, मग तीही दिसेना.

मी वाळूवर बसून राहिलो. शेजारी दादाने सिलिंडर उतरवून ठेवलेला. चाळीस मिनिटं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. सुरुवातीला तिची काळजी वाटली. मग लाज. आणि मग एक वेगळीच गोष्ट डोक्यात आली. ते किनाऱ्यांवरचे फोटो मला आठवू लागले. प्रत्येक फोटोत मी गुडघाभर पाण्यात आहे, आणि माझ्या शेजारी तीही गुडघाभर पाण्यातच आहे. मेडल मिळवणारी ही बाई दहा वर्षं माझ्या शेजारी गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने कधी तक्रार केली नाही, आणि मी कधी विचारलं नाही. आणि लेक? गेल्या उन्हाळ्यात शाळेने पोहण्याच्या शिबिराचा कागद पाठवला होता. "एवढ्या लहान वयात कशाला?" म्हणून मी तो परत पाठवला होता. सही माझीच होती. माझी भीती मी एकटाच भोगतोय असं समजत होतो, प्रत्यक्षात ती मी घरभर वाटत सुटलो होतो.

बायको बाहेर आली. केस विस्कटलेले, मास्कचा लाल वळ चेहऱ्यावर, आणि डोळे असे की मी ते लग्नाच्या आधी कधीतरी पाहिले असतील. तिला खूप सांगायचं होतं आणि माझ्याकडे बघून ती आवरत होती. तेच मला सगळ्यात जास्त लागलं. "आवरू नकोस," मी म्हणालो, "सगळं सांग." रात्री भात आणि माशाच्या कालवणासमोर ती दीड तास बोलत होती. शेवटी म्हणाली, "उद्या मी परत जाणार आहे. तू ये किंवा नको येऊस, पण माझ्यासाठी येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सहाला मी दुकानाच्या पायरीवर हजर. दादाला सांगितलं, लहानपणी असं असं झालं होतं. हे मी आदल्या दिवशी फॉर्मवर लिहिलं नव्हतं, कारण फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. तो म्हणाला, "जल्दी क्या है सर, समंदर कहीं नहीं जा रहा."

ऑफिसात नव्या मुलांना मी नेहमी सांगतो, सगळा प्रोग्राम एकदम चालवू नका, लहान तुकडा करा, तो चालतो का बघा, मग पुढचा जोडा. दादाने माझ्याबरोबर नेमकं तेच केलं. आधी कमरेइतक्या पाण्यात मास्कशिवाय, फक्त नळी तोंडात धरून चेहरा पाण्यात. दहा श्वास. वर. मग वीस. नाकाला पाणी लागतंय आणि तरी तोंडाने श्वास चालू आहे, एवढंच शरीराला पटवायचं होतं. डोकं ते आधीच मान्य करून बसलं होतं, शरीराला मात्र वेळ लागला. बराच वेळ. मग मास्क लावला, चमचाभर पाणी आत घेतलं, फुंकलं. गेलं! मग अर्धा मास्क. मग पूर्ण. बायको शेजारी गळ्याइतक्या पाण्यात उभी होती, एक शब्द बोलली नाही.

आणि मग आम्ही खाली गेलो. दादा पाठीमागून माझं जॅकेट धरून, बायको समोर. एक मीटर, कान. दोन मीटर, कान. माझ्या श्वासाचा आवाज मला रजनीकांतच्या सिनेमातल्या व्हिलनसारखा ऐकू येत होता. पण त्याच्या मागे आणखी एक आवाज होता, तव्यावर मोहरी तडतडावी तसा, सगळीकडून येणारा. दादाने नंतर सांगितलं, ते छोटे कोळंबीसारखे जीव, नांगीच्या टिचक्या मारतात. पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने जातो, त्यामुळे तो कुठून येतोय ते कानांना ठरवताच येत नाही.

मग खाली प्रवाळ दिसू लागलं. पहिल्यांदा मला ते दगडच वाटले. काही सांबराच्या शिंगांसारखे फुटलेले, काही मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे, काही ताटासारखे पसरलेले. प्रत्यक्षात ती वसाहत असते. एकेक प्राणी काही मिलिमीटरचा, आणि असे हजारो मिळून चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला वाटा देतं. रंगही बहुतेक त्या भाडेकरूचाच. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत प्रवाळ आहे, आणि समुद्रातल्या सुमारे पाव जातींना ते आसरा देतं. वाचलेलं होतं. पण एका दगडाभोवती उभ्या पिवळ्या पट्ट्यांच्या माशांची अख्खी गल्ली दिसली तेव्हा त्याचा अर्थ कळला.

एक निळा-हिरवा पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडत होता, आणि त्याचा करकर आवाज चक्क ऐकू येत होता. चुना पोटात दळून तो वाळू करून बाहेर टाकतो. अशा बेटांवरच्या पांढऱ्या वाळूत त्याचा मोठा वाटा असतो. आदल्या दिवशी मी कशावर बसून तत्त्वचिंतन करत होतो, ते हे असं कळलं.

समुद्रफुलाच्या हलणाऱ्या बोटांत निमो, म्हणजे क्लाउनफिश. लेकीने पंचवीस वेळा पाहिलेल्या सिनेमातला हिरो. समुद्रफुलाची बोटं इतर माशांना डंख मारतात, याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे याला काही होत नाही. या कुळाची गंमत म्हणजे सगळे जन्मतः नर. घरातली सगळ्यात मोठी ती मादी, तीच कर्ती. ती गेली तर तिचा जोडीदार मादी होऊन घर सांभाळतो. बायकोने नंतर हे ऐकलं आणि म्हणाली, "शिकण्यासारखं आहे."

त्या निमोला बघून मी आनंदाने दादाला अंगठा दाखवला. त्याने तत्काळ मला वर न्यायला सुरुवात केली. मी दोन्ही हात हलवून नाही-नाही, ठीक-ठीक अशी खूण केली. बायकोच्या मास्कमध्ये हसून हसून पाणी गेलं, आणि ते तिने शांतपणे फुंकून काढलं.

आठ मीटरच्या आसपास एक घुमट होता, माझ्या छातीइतका उंच. या जातीचं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. हिशोब सोपा आहे. हा घुमट मुठीएवढा होता तेव्हा चाळीस किलोमीटरवरच्या त्या जेलच्या भिंतीआड माणसं कोलू फिरवत होती. ज्या पाण्याला आपण काळं म्हणत होतो, त्यात हा जीव चुन्याचा कण कणावर ठेवत बसला होता.

सगळंच असं हिरवं-जांभळं नव्हतं. मधेच मोठमोठे पट्टे करड्या तुकड्यांचे, मोडलेल्या हाडांसारखे. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, तर प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लवकर गारवा आला तर ते सावरतं, नाही तर उपाशी मरतं. अंदमानात 2010 आणि 2016 मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं. त्याआधी 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात उत्तर अंदमानची जमीन वर उचलली गेली आणि तिथलं प्रवाळ कायमचं पाण्याबाहेर पडून मेलं. दादा तेव्हा लहान होता. मी वर आल्यावर विचारलं तर त्याने एवढंच सांगितलं की त्याचे वडील इथे पाण्याखाली जे रंग होते म्हणतात, त्यातले बरेच त्याने पाहिले नाहीत. मी मनात म्हटलं, इथेही बापाकडून पोरापर्यंत काहीतरी पोचायचं राहून गेलं.

पस्तीस मिनिटांनी वर आलो. सावकाश, आपल्याच बुडबुड्यांपेक्षा हळू. डोकं पाण्याबाहेर आल्यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही. बायको सांगते की मी ओरडलो, "नर्मदे हर!" अंदमानच्या समुद्रात. तिचा शब्द खोटा मानायला जागा नाही.

कुणाला जायचं असेल तर थोडं कामाचं. डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला, मे अखेरीपासून पाऊस आणि खवळलेला समुद्र. डायव्ह एकच केली असेल तर विमानात बसण्याआधी किमान बारा तास जाऊ द्या, एकाहून जास्त केल्या असतील तर अठरा, कारण अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो. म्हणून डायव्हिंग सहलीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटच्या दिवशी नाही. सर्दी असेल तर उतरू नका, कान साफ होत नाहीत. रोख पैसे जवळ ठेवा, नेटवर्कवर विसंबू नका. प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभं तर मुळीच राहू नका, आणि तुकडा उचलून आणू नका. वन्यजीव कायद्याने प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे, विमानतळावर बॅगा तपासतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भीती वाटत असेल तर फॉर्मवर रकाना नसला तरी प्रशिक्षकाला सांगा.

परत आल्यावर लेकीला निमो दिसल्याचं सांगितलं. तिने विचारलं, "बाबा, तू पाण्यात गेलास? खरंच?" तिच्या आवाजातल्या आश्चर्याने मला जे कळायचं ते कळलं.

एप्रिलपासून आम्ही दोघं रोज सकाळी साडेसहाला तरणतलावावर जातो. ती आणि मी एकाच बॅचला, सहा ते दहा वयोगट. मोठ्यांची बॅच भरली होती. सर मला "काका, पाय सरळ" म्हणून ओरडतात आणि पोरं हसतात. पहिल्या आठवड्यात लेक खोल भागाच्या कडेला थांबून माझ्याकडे बघायची, मी हो म्हणतो का ते. आता बघत नाही. सरळ उडी मारते.

बायको पलीकडच्या रांगेत लांब पल्ल्याच्या फेऱ्या मारत असते. पुढच्या वर्षी तिला पूर्ण कोर्स करायचाय, अठरा मीटरपर्यंतचा. त्यासाठी दोनशे मीटर पोहून दाखवावं लागतं. तिला ते आजही जमेल. मला सध्या पंचवीस येतात.